हत्तिणीचे चौतीस तास

“नऊ तास,” हणमंतराव दिवाणजी म्हणाले आणि त्यांनी हातातलं जाडजूड पुस्तक फाटकन मिटलं. “छापलंय इथं. टायमिंगची गिअरं बदलायची, नऊ तास. ज्यांनी गाडी बनवली त्यांनीच लिहिलंय.”

“चौतीस,” मी म्हणाले.

मी ओट्यावर बसून शेंगा फोडत होते. मान वर केली नव्हती. मान वर करून सांगायचं म्हणजे आपल्याला खात्री नाही असं समोरच्याला वाटतं.

समोर रस्त्याला लागून इनामदारांची हत्तीण उभी होती. हत्तीण म्हणजे त्यांची जुनी विलायती मोटार. तिच्या आधी दसऱ्याच्या शिलंगणाला त्यांच्याकडं खरा हत्ती पुढं असायचा म्हणे, तो मेला आणि ही आली. रंग तसाच राखाडी, चालही तशीच. त्या दिवशी मात्र ती बैलांनी ओढत आणली होती. इंजिनात खडाखडा वाजलं आणि जागीच बसली. आमच्या ह्यांनी, म्हणजे रंगनाथ मिस्त्रींनी, कान लावून एकदा हँडल फिरवलं आणि म्हणाले, “टायमिंगच्या गिअराचे दाते गेले.”

“किती वेळ?” दाजीसाहेब इनामदारांनी विचारलं.

“बघू,” हे म्हणाले.

आमच्या ह्यांना इंजिनातलं सगळं कळायचं, फक्त वेळ कळायचा नाही. ‘बघू’ म्हटलेली एक जीप आमच्या दारात दोन पावसाळे उभी होती. तिच्या मागच्या सीटवर कोंबडीनं पिल्लं काढली, ती पिल्लं मोठी होऊन त्यांनीही तिथंच अंडी घातली. तेव्हा मी ओट्यावर येऊन बसले आणि तास सांगणं माझ्याकडं घेतलं. शाळा माझी तिसरीपर्यंत. आकडे येतात, अर्धा येतो, त्याच्या पलीकडं कधी लागलं नाही. पण एकोणीस वर्षांत माझा तास चुकला नव्हता. गडहिंग्लजपासून संकेश्वरपर्यंतचे ट्रकवाले मिस्त्रींना राम राम करायचे आणि वेळ मला विचारायचे.

“चौतीस कशावरून, सगुणाबाई?” दिवाणजी हसले. “पुस्तक खोटं का?”

“पुस्तक खरं आहे. नऊ तास कामाचे. नऊ गंजाचे.”

“गंजाचे?”

“ह्या गाडीचा पुढचा बोल्ट तुमच्या दाजीसाहेबांच्या मुंजीच्या आधी आवळलाय. तो काय हाक मारली की येणार आहे? जेवढं काम तेवढा गंज. अठरा झाले. आणि सोळा बघ्यांचे.”

“बघ्यांचे म्हणजे?”

“गाडी उघडली की माणसं बघायला उभी राहतात. एक म्हणतो, हे काय हो मिस्त्री? दुसरा म्हणतो, माझ्या मामाच्या गाडीला असंच झालं होतं. मामाचं ऐकून घ्यावं लागतं. दर बघ्यामागं अर्धा तास. हत्तिणीला बत्तीस बघे येतील.”

“बत्तीस! मोजून?”

“तुम्हाला धरून,” मी म्हणाले.

दाजीसाहेब हसले नाहीत. ते पडलेल्या चेहऱ्यानं गाडीच्या मडगार्डवर हात ठेवून उभे होते. त्यांचं दुखणं सगळ्या गावाला माहीत होतं. शिलंगणाला पुढं कोण, एवढाच त्यांच्या घराण्याचा मान उरला होता, आणि त्यांचा चुलतभाऊ धैर्यशीलराव याच महिन्यात नवी कोरी जीप घेऊन बसला होता. हत्तीण निघाली नाही तर जीप पुढं जाणार. एकदा पुढं गेलेली जीप पुढच्या वर्षी कशाला मागं येतेय?

“दसऱ्याच्या आत होईल?” त्यांनी विचारलं.

मी बोटं मोजली. “आज ललिता पंचमी. दिवसाला साडेआठ तास धरले तर पंचमी, षष्ठी, सप्तमी, अष्टमी. चार दिवस, चौतीस तास. अष्टमीला संध्याकाळी गाडी तुमच्या दारात. नवमीला आमची हत्यारं पूजेत बसतात, दसऱ्याला तुमचं शिलंगण. बसतंय की बरोबर.”

“आत्याबाई,” आतून दारापाशी आवाज आला. माझी सून मंदाकिनी. मुलगा लष्करात गाड्यांच्या वर्कशॉपला, सून तीन वर्षं माझ्याजवळ. मॅट्रिक शिकलेली. “पण अष्टमीला ह्या वर्षी...”

“मंदे,” मी म्हणाले, “तास सांगताना मधे बोलायचं नाही हे तुला कितीदा सांगायचं? तू तुझी चूल बघ.”

ती आत गेली. दिवाणजींनी पुस्तक बगलेत मारलं.

“आणि चुकलं तर, सगुणाबाई? उद्या आम्ही गावाला काय तोंड दाखवायचं? इंजिनाचे तास बाईमाणसाच्या तोंडून घेतले म्हणून?”

तेव्हा मात्र मी मान वर केली. रस्त्यावर सात-आठ बघे आधीच जमले होते.

“चुकलं तर ह्या ओट्यावर बसून पुन्हा कधी तास सांगणार नाही. आत जाऊन चुलीपुढं बसेन ती मरेपर्यंत.”

“ऐकलंत?” दिवाणजी लोकांकडं वळून म्हणाले.

लोकांनी ऐकलं होतं. अशी गोष्ट लोकांना एकदाच सांगावी लागते.

मी मंदाकडून खडू मागवला आणि भिंतीवर ३४ लिहिलं. “ह्याच्याखाली अर्ध्या-अर्ध्या तासाची रेघ मारत जा,” मी तिला सांगितलं. “काम चालू असलं तरच मारायची. चहाला मारायची नाही.”

पहिले दोन दिवस रेडिएटर, पंखा आणि पुढची पुली काढण्यात गेले. आमच्याकडं कामाला कादरभाई होते, माझ्याहून दोन वर्षांनी मोठे. ते एकेका बोल्टला रॉकेल पाजायचे, त्याच्याशी गोड बोलायचे, मग शिव्या द्यायचे. बघे माझ्या हिशेबापेक्षा एकानंही कमी आले नाहीत. एका गृहस्थाच्या मामाची बोट होती. बोटीच्या इंजिनाचं काय झालं ते ऐकण्यात पाऊण तास गेला, मी उठून त्याला पाणी दिलं आणि वाटेला लावलं.

तिसऱ्या दिवशी, सप्तमीला, पुढचं झाकण निघालं. आतलं मोठं गिअर फायबरचं होतं, म्हाताऱ्याच्या तोंडासारखं झालेलं. ह्यांनी बोटानं चाचपलं आणि म्हणाले, “पुस्तकात हे बोल्टांनी धरलंय म्हणतात. इथं तर दांड्यावर दाबून बसवलंय. बोल्टच न्हाई.”

“म्हणजे?” मी विचारलं.

“म्हणजे नवं गिअर तापवून चढवायला लागणार. गरम असताना दांड्यावर सरकतं, गार झालं की धरून बसतं.”

“तास?”

“बघू,” हे म्हणाले.

“माझ्या गंजाच्या नऊमधे बसवा,” मी म्हणाले.

कादरभाई जुनं गिअर फडक्यात बांधून दुपारच्या एसटीनं कोल्हापूरला उद्यमनगरात गेले. तिथं नमुना दिला की हुबेहूब दाते पाडून देणारे कारागीर होते. रात्रीतून कापून घेऊन सकाळच्या पहिल्या गाडीनं परत यायचं ठरलं. हे मागं दांडा, झाकण, बोल्ट घासूनपुसून तयार करत बसले. संध्याकाळी भिंतीवर मी रेघा मोजल्या. एक्कावन्न. म्हणजे साडेपंचवीस तास. उरले साडेआठ, आणि हातात अष्टमीचा अख्खा दिवस. मी इतकी खूश होते की दिवाणजी रस्त्यानं जाताना त्यांना हाक मारून चहा दिला.

ते चहा पीत असतानाच गोदाक्का माळीण आली आणि तिनं टोपलीभर झेंडू माझ्या ओट्यावर ओतला.

“हे गं काय?”

“उद्याच्या पूजेला.”

“पूजा परवा आहे, गोदाक्का. उद्या अष्टमी.”

“उद्या अष्टमी हाय की, न्हाई कोण म्हंतंय?” ती म्हणाली. “सकाळची अष्टमी, तिथनं पुढं नवमी. औंदा दोन्ही एकाच दिशी आल्यात. उद्या खंडेनवमी, परवा दसरा. सगळ्या गावाला ठावं हाय.”

दिवाणजींनी कपबशी खाली ठेवली. त्यांच्या चेहऱ्यावर जे काही पसरलं ते मी अजून विसरलेले नाही. त्यांच्या मुलाच्या लग्नातही ते एवढे प्रसन्न दिसले नव्हते.

“हत्यारं पूजेत बसतात ना तुमची नवमीला?” ते अगदी मऊ आवाजात म्हणाले. “शिलंगण होईपर्यंत उचलत नाही म्हणे तुम्ही.”

“नाही उचलत,” मी म्हणाले.

“छान चहा,” ते म्हणाले आणि वाड्याकडं जवळजवळ पळत गेले.

मी आत वळले. मंदा चुलीपुढं कडाकण्यांचं पीठ मळत होती. देवीपुढं टांगायच्या त्या गोड कडक पुऱ्या, नवरात्रात आमच्याकडं त्या टोपलीभर लागतात.

“तुला ठाऊक होतं?”

“व्हय.”

“मग तोंड शिवलं होतं का?”

“सांगत होते की पंचमीला,” ती मळता मळता म्हणाली. “तुम्हीच म्हणालात, चूल बघ. मी चूल बघितली.”

तोंडाशी आलेलं सगळं मीच आधी बोलून बसले होते.

हे बाहेरून म्हणाले, “एवढं काय त्यात? हत्यारं उद्या संध्याकाळी पुजू. देव काय घड्याळ लावून बसलाय?”

“आणि माझा भाऊ?” मी म्हणाले.

तीन वर्षांमागं खंडेनवमीला माझा धाकटा भाऊ भेटायला आला होता. निघताना त्याच्या फटफटीची चेन पडली. एक पाना हवा होता, दोन मिनिटांचं काम. मी दिला नाही. पाने पूजेत होते. चार मैल फटफटी ढकलत गेला तो, नव्या कपड्यांत. त्यानंतर दोन भाऊबीजा आला नाही. सख्ख्या भावाला जो पाना दिला नाही तो मी इनामदारांच्या मोटारीसाठी उचलला असता, तर मला माझ्या आईनं स्वप्नात येऊन मारलं असतं.

सकाळी सूर्य उगवताना मी स्वतः हत्यारं धुतली. पाने लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीनं मांडले, हातोडे, छिन्न्या, पकडी, स्क्रू ड्रायव्हर, पुलर. सगळ्यांना हळदीकुंकू, झेंडू, पुढं ऊस आणि कोहळा. हे गिधाडासारखे एका कोपऱ्यात बसून त्या ओळीकडं बघत होते. मी समई लावली आणि म्हणाले, “झालं. मी आत चालले. उद्यापासून तास तुम्ही सांगा.”

“बघू,” हे म्हणाले.

आठ वाजता कादरभाई एसटीतून उतरले. नवं गिअर त्यांनी मांडीवर बाळ घेतल्यासारखं आणलं होतं, लखलखीत, बिडाचं. दारात आले, पूजा बघितली आणि चपला काढून उभे राहिले.

“आजच?” ते म्हणाले.

“आजच.”

“मग संपलं. अक्का, माझे पाने पण तिथंच हैत. मी उचलणार न्हाई. आज वीस साल मी ह्या घराचा नियम पाळतोय.”

तोवर रस्त्यावर माणसं जमली होती. दिवाणजींनी गावभर सांगितलं होतं. आज गाडी बघायला कोणी आलं नव्हतं, मला चुलीपुढं जाऊन बसताना बघायला आले होते. दाजीसाहेबही आले, आणि हत्तिणीच्या पायरीवर बसले. त्यांच्या अंगावर धुतलेलं धोतर आणि हातात काठी, एवढंच. त्यांच्याकडं बघवेना. मी उठले आणि खरोखरच आत जायला निघाले.

दारात मंदा आडवी आली. तिच्या हातात सांडशी होती, चुलीवरची भांडी उतरवायची, काळी झालेली. ती माझ्या बाजूनं बाहेर गेली आणि तिनं सांडशी गाडीच्या मडगार्डवर ठेवली. ठण्ण आवाज झाला.

“मामंजी,” ती ह्यांना म्हणाली, “ही पूजेत न्हाई.”

ह्यांनी सांडशीकडं बघितलं, मग पूजेच्या ओळीकडं.

“ही कधीच पूजेत नसते,” ती म्हणाली. “वरवंटा नसतो. लाटणं नसतं. स्टोची चावी नसते. ह्यांना आज पण सुट्टी न्हाई. आणि गिअर तापवायला तेल लागतं ना? कढई चुलीवरच हाय. कडाकण्यांची.”

हे उठून उभे राहिले. सांडशी हातात घेतली, उघडली, मिटली. मग माझ्याकडं बघितलं. कादरभाईंनी माझ्याकडं बघितलं. दाजीसाहेबांनी, दिवाणजींनी, सगळ्या रस्त्यानं माझ्याकडं बघितलं.

नियम माझा होता. हत्याराला हात लावायचा नाही. आणि ज्याची पूजा होत नाही ते हत्यार कसलं? एकोणतीस वर्षं मी पूजा मांडत होते आणि ती मांडून झाल्यावर त्याच सांडशीनं वरणाचं पातेलं उतरवत होते.

“कढईत तेल वाढव,” मी म्हणाले. “आणि कडाकण्या थांबवू नकोस. देवीचं राहील.”

मग मी बघ्यांकडं वळले. नजरेनं मोजले. एक्केचाळीस होते. म्हणजे साडेवीस तास. माझ्याकडं उरले होते साडेआठ.

“तोंडं फिरवा,” मी म्हणाले.

“आँ?”

“बघणारा माणूस अर्धा तास खातो. पाठ करून बसलेला खात नाही. ज्याला थांबायचंय त्यानं गाडीकडं पाठ करून बसायचं. मागं वळला तो घरी जाईल. दिवाणजी, तुम्हीसुद्धा.”

“मी गाडीच्या मालकांचा...”

“मालकसुद्धा.”

दाजीसाहेब उठले, रस्त्याच्या कडेला गेले आणि गाडीकडं पाठ करून काठी टेकून बसले. त्यांच्यानंतर कुणाची बिशाद नव्हती. एक्केचाळीस माणसं रस्त्याच्या कडेनं ओळीत बसली, तोंड समोरच्या शेताकडं. रस्त्यानं जाणारी एक बैलगाडी थांबली. गाडीवान इतकी माणसं शेतात काय बघताहेत म्हणून तोही बघायला लागला.

असं काम मी आधी बघितलं नव्हतं आणि नंतरही नाही. कढईत एका बाजूला कडाकण्या तरंगत होत्या आणि तळाशी इनामदारांचं गिअर तळलं जात होतं. तेल बरोबर तापलं की नाही हे ह्यांना कळेना. गॅरेजात ते तेलात थुंकी टाकून बघायचे. मंदा म्हणाली, “थुंकू नका, देवीचं हाय.” तिनं पिठाची गोळी टाकली, ती वर येऊन फुलली तशी म्हणाली, “आणखी थोडं.” दुसरी गोळी टाकली. “आता.”

“एका दमात आणायला पाहिजे,” हे म्हणाले. “वाटेत गार झालं तर अर्ध्यात अडकलं. अर्ध्यात अडकलं तर संपलं. आणि खूण खुणेवर यायला पाहिजे.”

दोन गिअरांवर खुणेचा एकेक ठिपका असतो, ते दोन ठिपके समोरासमोर आले तरच इंजिन चालतं. मंदानं दोन्ही ठिपक्यांवर कुंकू लावून ठेवलं होतं.

“कादरभाई, तुम्ही धरता?” मी विचारलं.

“सांडशीनं?” कादरभाईंनी हात मागं घेतले. “अक्का, मी आयुष्यात सांडशी धरली न्हाई.”

“मी आणते,” मंदा म्हणाली.

चुलीपासून गाडीपर्यंत सतरा पावलं. ती उकळत्या तेलातून ते गिअर उचलून आली, तेल ठिबकत होतं, त्याला एक कडाकणी चिकटलेली होती. एकही पाऊल चुकलं नाही. भरलेली पातेली उतरवून, पंगतीतून वाढत नेऊन झालेली चाल होती ती. ह्यांनी फडक्यानं खालून आधार दिला, “डावीकडं, डावीकडं, कुंकवाला कुंकू,” असं पुटपुटले, आणि गिअर दांड्यावर सरकन गेलं. वरून लाटणं आडवं धरून कादरभाईंनी वरवंट्याचे तीन ठोके दिले. कडाकणी तुटून खाली पडली.

“बसलं?” रस्त्याच्या कडेनं दाजीसाहेबांचा आवाज आला. त्यांनी मान वळवली नव्हती.

“बसलं,” मी म्हणाले.

“माझ्या मामाच्या बोटीला...” कुणीतरी सुरू केलं.

“कडाकणी खा,” मी म्हणाले आणि टोपली फिरवली. तोंडात कडाकणी असली की मामाला जागा राहत नाही.

पुढचं सगळं तसंच. झाकणाचे लहान बोल्ट स्टोच्या चावीनं, मोठे सांडशीनं. ह्यांनी सांगितलं, “आज हातापुरते आवळतो, शिलंगणाहून आल्यावर पान्यानं आवळीन. गावाच्या वेशीपर्यंत जाऊन यायला पुरे.” पुली फिरू नये म्हणून तिला माझं जुनं इरकली लुगडं पिळून गुंडाळलं, एक टोक कादरभाईंनी धरलं आणि एक मी. पुढचा नट जात्याच्या खुंट्यानं ठोकून फिरवला. रेडिएटर चढला. पाणी घालायला नेहमीचं तांब्याचं घंगाळ. संध्याकाळचे पाच वाजत आले तेव्हा ह्यांनी विचारलं, “हँडल?”

“हँडल गाडीचं आहे,” मी म्हणाले. “आमच्या पूजेत नाही. मारा.”

पहिल्या फेरीला ती नुसती खोकली. दुसऱ्या फेरीला काहीच नाही. एक्केचाळीस पाठी ताठ झाल्या. तिसऱ्या फेरीला हत्तीण उठली. पूर्वीसारखी गुपचूप नव्हे, बिडाच्या गिअरामुळं जात्यासारखी घरघरत. आणि तिच्या पुढच्या भागातून जो वास सुटला, त्यानं बसलेल्या माणसांना पुन्हा भूक लागली. अख्ख्या दसऱ्याला ती गाडी कडाकण्यांचा वास सोडत पुढं गेली आणि धैर्यशीलरावांची जीप तो वास घेत मागून आली.

पण ते दुसऱ्या दिवशी. त्या दिवशी दिवाणजी आधी भिंतीपाशी गेले. चष्मा लावून त्यांनी रेघा मोजल्या. परत मोजल्या.

“सदुसष्ट,” ते म्हणाले. “साडेतेहतीस तास. चौतीस झाले नाहीत. अर्ध्या तासानं चुकलंच की!”

“अर्धा तास कुठं गेला?” दाजीसाहेबांनी मला विचारलं. ते आता गाडीकडं तोंड करून उभे होते आणि त्यांच्या मिशीला कडाकणीचा चुरा लागला होता.

मी उत्तर जुळवत होते. तेवढ्यात दारातून मंदा म्हणाली, “दिवाणजींचा. पहिल्या दिवशी आत्याबाईंनी बत्तीस धरले ते दिवाणजींना धरून. आज ते पाठ करून बसले.”

आधी दाजीसाहेब हसले, मग सगळा रस्ता हसला. दिवाणजींनी पुस्तक उघडलं, त्यात काही सापडतंय का बघितलं आणि मिटलं. मंदानं माझ्याकडं बघितलं आणि ती चटकन आत वळली. तास सांगताना मधे बोलायचं नाही हे तिला आठवलं असणार.

“मंदे,” मी म्हणाले.

“चुलीवर तेल हाय, आत्याबाई.”

“असू दे. इकडं ये. ओट्यावर बस. शेंगा फोडायच्या राहिल्यात.”

ती आली आणि बसली, अगदी कडेला. मी सूप मधे सरकवलं. खडू तिच्या हातात होताच. तो मी परत मागितला नाही.

पुढच्या वर्षी खंडेनवमी नीट आपल्या दिवशी आली, आधी मी मंदाकडून दोनदा विचारून घेतलं. सकाळी सात वाजता पूजा मांडली. पाने लहानापासून मोठ्यापर्यंत, हातोडे, छिन्न्या, पुलर. शेवटी मी आत गेले आणि सांडशी, वरवंटा, लाटणं, कढई, उलथणं आणि स्टोची चावी घेऊन आले. धुवून आणली होती. पान्यांच्या पुढच्या ओळीत मांडली, हळदीकुंकू लावलं, सांडशीवर झेंडूचं सगळ्यांत मोठं फूल ठेवलं. समई लावली आणि ओट्यावर जाऊन बसले. मंदा आधीच बसली होती.

दुपारी बाराला हे हात धुवून आले. चुलीकडं बघितलं. चूल थंड होती. पूजेकडं बघितलं.

“अगं, जेवणाचं काय?”

“डब्यात चिवडा आहे. शेंगा आहेत. केळी आहेत,” मी म्हणाले. “हत्याराला हात लावायचा नाही, घरचा नियम आहे.”

“पर किती वेळ?”

मी मान वर केली नाही. सूप मंदाकडं सरकवलं.

“सकाळी सातपासून उद्या शिलंगण होऊन येईपर्यंत,” मंदा शेंग फोडत म्हणाली. “छत्तीस तास धरा.”

मी बोटं मोजली. सातपासून उद्याच्या संध्याकाळी सहापर्यंत पस्तीसच भरत होते. पोरीनं एक तास जास्त धरला कसा, म्हणून मी मागं वळून बघितलं.

स्वयंपाकघराच्या दारात हे आणि कादरभाई, दोन बघे, हात बांधून थंड चुलीकडं बघत उभे होते.